परत यायला किती?

शेवाळे अण्णांना कुठल्याही प्रवासाचा बेत सांगितला, की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "परत यायला किती?" कुठे निघालात, किती जण आहात, कशाने जाणार, हे सगळं मागाहून. समोरचा माणूस काश्मीरच्या बर्फाचं वर्णन करून दमला, की अण्णा चष्मा कपाळावर चढवत आणि म्हणत, "ते झालं. परत यायला किती?" नव्या माणसाला हा अपशकुन वाटायचा. तळमजल्यावरच्या जोशीबाई चारधामला निघाल्या तेव्हा अण्णांना चुकवण्यासाठी त्यांनी रिक्षा मागच्या गल्लीत बोलावली होती. अण्णांनी त्यांना तिथे गाठलं. रिक्षाच्या दांडीला धरून विचारायचं ते विचारलं आणि समाधानकारक उत्तर मिळाल्यावरच दांडी सोडली.

नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला आमची सोसायटी होती. समोरची गल्ली इतकी चिंचोळी, की फाटकातून गाडी बाहेर काढायची तर रिव्हर्समध्येच काढावी लागे. कोणीही गाडी सुरू केली की दुसऱ्या मजल्यावरून अण्णांच्या चपला वाजायला लागत. अंगात बनियन असेल तर बनियनवर, दाढीचा साबण गालाला असेल तर तसेच खाली येत, गाडीमागे उभे राहत आणि हात हलवत. "येऊ दे... येऊ दे... येऊ दे... बास!" ते 'बास' इतकं दणदणीत असे की गल्लीतून जाणारे सायकलवालेही ब्रेक दाबत. पुढे गाड्यांना मागचं दाखवणारे कॅमेरे आले, तरी अण्णा येतच राहिले. माझ्या नवऱ्याने, मंदारने, त्यांना नव्या गाडीतला पडदा कौतुकाने दाखवला. अण्णांनी तो तितक्याच कौतुकाने पाहिला आणि पुन्हा गाडीमागे जाऊन उभे राहिले. "मशीन नुसतं पीं पीं करतं, मंदारराव," म्हणाले. "बास म्हणायला माणूस लागतो."

अण्णा मूळचे देवळ्याचे. सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर हातात आलेल्या पैशांतून माणसं फ्लॅट घेतात, मुलीला सोनं करतात. अण्णांनी जुनी जीप घेतली. कापडी टपाची, चारही चाकं ओढणारी, आणि सुरू होताना सगळ्या सोसायटीला उठवणारी. पाहुणेमंडळींनी कपाळाला हात लावला. सुमनकाकू, म्हणजे अण्णांच्या पत्नी, मात्र शांत होत्या. त्या मखमलाबादच्या, माहेरी गुलाबाची आणि भाजीची शेती, पहाटे बाजारात उभं राहून वाढलेली बाई. त्यांना सहसा कशाचा धक्का बसत नाही. "इतकी वर्षं दुसऱ्यांचे नटबोल्ट मोजले," त्या मला म्हणाल्या. "आता स्वतःचे मिळालेत. खेळू दे."

ती जीप घेऊन अण्णांना हिमालयात जायचं होतं. मनालीच्या पलीकडे, डांबर संपतं तिथून पुढे, खिंड ओलांडून स्पितीच्या खोऱ्यात काझापर्यंत. खर्च वाटून घ्यायला चौघं असली तर परवडेल असा हिशेब निघाला आणि आमच्या घराची बेल वाजली. मंदार पहिल्या वाक्याला तयार झाला. मंदारला पैसा म्हणजे तळहातावरचं पाणी, त्यामुळे घरातली मूठ मी वळून बसलेली असते. मी विचारलं, "अण्णा, एकूण खर्च किती येईल?"

"ते अजून काढायचंय, ताई," अण्णा म्हणाले. "सध्या फक्त परत यायचं काढलंय."

मला वाटलं थट्टा करतायत. ते खरंच बोलत होते.

पुढचे काही महिने आमचे रविवार अण्णांच्या ताब्यात गेले. ते त्याला 'तालीम' म्हणायचे. पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरायची, त्र्यंबकेश्वरच्या पुढे हरसूलच्या बाजूला डोंगरातला एखादा वाईटातला वाईट बैलगाडीचा रस्ता शोधायचा, त्यावर दिवसभर जीप दामटायची, परत त्याच पंपावर येऊन टाकी गळ्यापर्यंत भरायची आणि किती डिझेल गेलं ते बघायचं. मंदारने मोबाइलवर कुठल्याशा कोष्टकात किलोमीटर भरायला घेतले, तर अण्णांनी मोबाइल त्याच्या हातून काढून घेतला.

"खराब रस्त्याला किलोमीटर धरणारा माणूस मरतो, मंदारराव. तास धरा, तास. गाडी चिखलात जागच्या जागी गुरगुरत ऱ्हायली तरी डिझेल पीत ऱ्हाते. तिला कुठं माहीत हाय, आपण कुठंच गेलो नाय म्हणून?"

पुढे मी हे वाक्य कॉलेजातल्या मीटिंगांमध्ये किती वेळा मनाशी म्हटलं असेल, सांगता येत नाही.

एका तालमीत मंदारने जीप भातखाचराच्या कडेला अशी काही रुतवली की चारही चाकं गायब झाली. आम्ही तिघं हवालदिल. अण्णा मात्र बांधावर बसून डबा सोडत होते. जवळच्या पाड्यावरून एक जण ट्रॅक्टर घेऊन आला, पैसे ठरले, जीप निघाली. परतीच्या वाटेवर अण्णा खुशीत गाणं गुणगुणत होते. मी विचारलं, एवढं कसलं समाधान? "अहो ताई, ओढून काढायला काय पडतं ते मला कुठं माहीत होतं? आज कळलं! आता हिमालयात ते तिप्पट धरू." मंदारच्या घोडचुकीचा त्यांनी हिशेबातला एक आकडा करून टाकला होता. रागवायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही.

अण्णांच्या खर्चाचे कप्पेही जगावेगळे. डिझेल, दुरुस्ती, पोट, मुक्काम हे कोणीही धरेल. त्यांनी 'रुसवा' धरला होता. "चार माणसं इतके दिवस एका जीपमध्ये म्हटल्यावर कोणी ना कोणी रुसणार. रुसला की त्याला भजी खायला घालायची, गरम पाण्याची चांगली खोली द्यायची. त्याला पैसे लागतात. ते पोटातून काढले तर दुसरा रुसतो." मग 'चैन'. आणि सगळ्यांच्या आधी, पहिल्या क्रमांकाचा कप्पा, 'माघार'. वाटेत कुठेही, काहीही झालं, तरी चौघं जीपसकट घरी परत येतील एवढी रक्कम. तिला हात लावायचा नाही.

फोनवरून पैसे देण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. एकतर वर रेंज नसते, आणि दुसरं म्हणजे, "त्या पैशाला वजन नाय. खिसा हलका होताना कळला पायजे." म्हणून सुमनकाकूंनी जुन्या ब्लाउजपीसचे नाडीचे बटवे शिवले, प्रत्येक कप्प्याला एक रंग. ते कोणी सांभाळायचे यालाही अण्णांचा कायदा होता. ज्याला जो खर्च करायला सगळ्यात जड जातो, त्याच्या हातात तो बटवा. डिझेल आणि दुरुस्ती काकूंकडे, कारण त्यांना गाडीचं कवडीचं कौतुक नव्हतं. रुसवा मंदारकडे, कारण लोकांची मनधरणी करणं त्याच्या जिवावर येतं. माझ्या हातात हिरवा बटवा ठेवत अण्णा म्हणाले, "चैन तुमच्याकडं." मंदार हसून हसून लोळायचा बाकी होता.

लाल बटवा माघारीचा. तो अण्णांनी स्वतःच्या कमरेला बांधला.

"हा तुम्हाला सगळ्यात जड जातो होय?" मी सहज विचारलं.

अण्णा जीपचं चाक बघायला खाली गेले. उत्तर दिलं काकूंनी, दाताने दोरा तोडता तोडता.

तरुणपणी अण्णा आणि त्यांचा एक मित्र, मित्राच्या वडिलांची जीप घेऊन देवळ्याहून हिमालयाला निघाले होते. गावाने हार घालून निरोप दिला. खिशात जायचे पैसे होते, यायचे म्हणजे कसेतरी येऊ, एवढाच हिशेब. अंबाल्याला गिअरबॉक्स गेला. दुरुस्त व्हायला आठवडा लागणार होता, थांबायला पैसे नव्हते. जीप तिथल्याच एका गॅरेजवाल्याला पडत्या भावात विकली, देणी भागवली आणि कांदा उतरवून परत निघालेल्या एका ट्रकमध्ये मागे बसून दोघं आले. ट्रकवाल्याने त्यांना हायवेवर उतरवलं. तिथून गावात यायला एसटी होती, पण तिच्या तिकिटालाही पैसे उरले नव्हते. दोघं भर बाजाराच्या दिवशी, पिशव्या खांद्यावर टाकून, अख्ख्या गावातून चालत घरी आले.

"प्रत्येक ओट्यावरून अहिराणीत विचारत होते म्हणे, 'काय रे, कसा शे तुना हिमालय?'" काकू म्हणाल्या. "मित्राचे वडील पुढे शेवटपर्यंत यांच्याशी बोलले नाहीत. पण यांना ते एवढं नाही लागलं. ते चालत येणं लागलं. आमच्या लग्नाच्या वरातीत पण कोणीतरी ओरडलं होतं, अंबाला रिटर्न आला म्हणून."

त्यानंतर मला अण्णांच्या पहिल्या प्रश्नाचं हसू आलं नाही. हा माणूस आता पुन्हा त्याच वाटेने निघाला होता, आणि या खेपेला तो न पोहोचता परत आला असता तर साठी उलटल्यावर ते त्याला झेपलं नसतं, हे आम्हा तिघांनाही न बोलता कळत होतं.

निघालो. नाशिकच्याच द्वारका चौकातून आग्रा रोडला लागलो तेव्हा जीपच्या मागे दोन स्टेपन्या, एक स्टोव्ह, काकूंच्या शेवखंडाचे, म्हणजे गुळात घोळलेल्या शेवेचे डबे आणि एक गोण उन्हाळ कांदा होता. कांदा अण्णांनी पोटाच्या कप्प्यात रोकड म्हणून धरला होता. मी नाक मुरडलं होतं, पण वरच्या ढाब्यांवर मूठभर कांदे काढून दिले की आमच्या ताटातली भाजी खरोखरच वाढायची. अंबाला आलं तेव्हा अण्णांनी जीप रस्त्याच्या कडेला घेतली. गॅरेज शोधलं नाही. टपरीवर चार चहा सांगितले, पैसे स्वतः दिले, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "चला. इथून पुढचा सगळा रस्ता नवा."

मनालीनंतर बोगदा ओलांडला आणि थोड्याच वेळात डांबराने आमची रजा घेतली. पुढे नुसते दगड, धूळ आणि डोंगरावरून रस्त्यात उतरलेले ओढे. तिकडे त्यांना नाला म्हणतात. असला एक मोठा नाला वाटेत लागणार हे माहीत होतं. सकाळी लवकर निघायचं मंदारच्या मनात होतं, पण अण्णांनी नको म्हटलं. "ऊन पडू दे चांगलं. थंडी जाईल, पाणीबी उतरंल."

हे आम्हा सगळ्यांना पटलं, कारण आम्ही नाशिकची माणसं. आमचं पाणी ढगातून येतं. पाऊस लागला की गोदावरी चढते, ऊन पडलं की उतरते, हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. रामकुंडावरच्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं, कमरेला लागलं, गळ्याला लागलं, यावर अख्खं शहर पूर मोजतं. ऊन म्हणजे उतार, हे आमच्या हाडात बसलेलं.

आम्ही नाल्याशी पोहोचलो तेव्हा सूर्य डोक्यावर होता. पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंत, पण जोर बरा होता. आमच्यासमोर दोन गाड्या घाईघाईने पार झाल्या. "कशाला एवढी घाई करतात?" अण्णा हसले. "तासभर थांबलं तर कोरडे जातील." त्यांनी पाण्यातला एक माणसाएवढा उभा खडक हेरला, त्याला हात जोडले आणि म्हणाले, "हा आपला मारुती. आत्ता पाणी मांडीला हाय. पोटरीवर उतरलं की निघू." मग आम्ही सतरंजी टाकली. काकूंनी चिवडा काढला. स्वच्छ निळं आकाश, बर्फाचे डोंगर झगझगतायत, आणि आम्ही चौघं चिवडा खात मारुतीकडे बघत बसलोय.

पहिल्यांदा काकूंच्या लक्षात आलं. "अहो," त्या म्हणाल्या, "मारुतीची कंबर कुठे गेली?"

पाणी चढत होतं. अण्णांनी आकाशाकडे पाहिलं. एक ढग नव्हता. त्यांनी पुन्हा मारुतीकडे पाहिलं. जसं ऊन तापत गेलं तसं पाणी गढूळ झालं, त्याचा आवाज बदलला, आणि तळातले दगड गडगडत निघालेले ऐकू यायला लागले. पलीकडच्या काठाला येऊन थांबलेल्या एका ट्रकवाल्याने आमची सतरंजी बघून तोंडाशी हात धरला आणि ओरडून सांगितलं, "अंकल, धूप से पानी चढ़ता है! बरफ पिघलती है! सुबह आना, सुबह!"

आपण उन्हाची वाट बघत होतो, आणि ऊनच पाणी आणत होतं, हे डोक्यात शिरायला आम्हाला वेळ लागला. मंदारला हसू फुटलं आणि अण्णांचा चेहरा बघून ते विरलंही. अण्णा उठले. जीपमध्ये बसले, इंजिन सुरू केलं, चारही चाकांचा गिअर टाकला आणि पाण्याकडे तोंड करून क्लच दाबून बसले. पाणी मारुतीच्या छातीशी होतं. गेलो असतो तर काय झालं असतं ते पाण्याचा आवाज सांगत होता. आणि मागे फिरायचं म्हणजे काय, तेही मला त्यांच्या मानेवरून दिसत होतं. मला भीती वाटली. पाण्याची होतीच, पण त्याहून जास्त त्या माणसाच्या हट्टाची वाटली.

काकू शांतपणे जाऊन शेजारच्या सीटवर बसल्या. पदर खोचला.

"लाल बटवा कोणाकडे आहे?" त्यांनी विचारलं.

"माझ्याकडं," अण्णा म्हणाले.

"मग काय ते तुम्हीच बघा. तुम्ही म्हणाल तसं. मी बसलेय."

जीप गुरगुरत राहिली. डिझेल जळत होतं आणि आम्ही कुठेच गेलो नव्हतो. शेवटी अण्णांनी कमरेची नाडी सोडली, लाल बटवा काढला आणि काकूंच्या मांडीवर ठेवला. "मला नाय जमत, सुमन," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक आला. "तू सांग."

काकू खाली उतरल्या. रस्ता अरुंद, एका बाजूला दरी, वळवायला जागाच नव्हती. जीपच्या मागे जाऊन त्या उभ्या राहिल्या, एक हात उंच केला आणि भाजीबाजारात कमावलेला आवाज लावला, "येऊ दे... येऊ दे... येऊ दे..." आयुष्यभर दुसऱ्यांना मागे घेणारे अण्णा आज बायकोच्या हातावर नजर ठेवून मागे येत होते. रुंद जागा आली. "बास!"

मागे एक ढाबा होता, दगडी भिंती आणि वर ताडपत्री. त्या रात्रीचा मुक्काम आणि जेवण कोणत्याच कप्प्यात धरलेलं नव्हतं. काकूंनी लाल बटव्यातून पैसे दिले. अण्णा जेवले नाहीत. मंदारने रुसव्याच्या बटव्यातून, कोणी न सांगता, त्यांच्यासाठी भजी तळून घेतली आणि समोर नेऊन ठेवली. अण्णांनी भज्यांकडे पाहिलं, मंदारकडे पाहिलं आणि एक भजं उचललं. त्यात कांदा आमचाच होता, मनालीपर्यंत आणि पुढेही साथ देणारा.

उजाडता उजाडता आम्ही परत नाल्यावर गेलो. रात्रीच्या थंडीने वर सगळं पुन्हा गोठलं होतं. पाणी इतकं आटलं होतं की मारुतीची पावलं उघडी पडली होती. अण्णांनी पहिला गिअर टाकला आणि ज्या पाण्याने आदल्या दिवशी जीव घाबरवला होता त्यातून जीप आरामात पलीकडे गेली. पलीकडे जाऊन त्यांनी ती थांबवली, उतरले आणि मागे वळून नाल्याकडे बघत उभे राहिले. मग हसायलाच लागले. हसता हसता डोळे पुसले.

"येडाच मी," म्हणाले. "सगळी जिंदगी समजत आलो, माघारीचे पैसे घरी जायला असतात. अरे, ते थांबायला असतात! त्या वेळी अंबाल्याला आठ दिवस थांबायचे पैसे असते, तर गिअरबॉक्स झाला असता. आम्ही माघारीच्या पैशात पुढं गेलो असतो."

काझाला पोहोचलो त्या दिवसाचं वर्णन मी करत नाही. फोटोत अण्णा एका दगडावर कमरेवर हात ठेवून उभे आहेत आणि फोटो हलला आहे, कारण तो काढणारा मंदार रडत होता. परतीच्या वाटेवर मनालीत अण्णांनी माझा हिरवा बटवा तपासला. तो जवळजवळ भरलेलाच होता. मला शाबासकीची अपेक्षा होती. "चैन शिल्लक ऱ्हायली म्हणजे बजेट चुकलं," ते गंभीरपणे म्हणाले आणि तो रिकामा होईस्तोवर त्यांनी मला बाजारातून हलू दिलं नाही. काकूंच्या खांद्यावर अजून असते ती लोकरी शाल त्या दिवशीची. घरी आल्यावर अण्णांनी जीप आधी देवळ्याला नेली म्हणे, आणि बाजाराच्या दिवशी, अगदी हळू, अख्ख्या गावातून चालवली. कोणी काही विचारलं नाही. विचारणारे फारसे उरलेच नव्हते. अण्णांना त्याचं वाईट वाटलं नाही. रसवंतीवर थांबून त्यांनी आणि काकूंनी उसाचा रस घेतला आणि परत आले.

गेल्या वर्षी मंदारने नोकरी सोडली. बंगळूरला मित्राबरोबर स्वतःचा व्यवसाय सुरू करायचं ठरवलं. पन्नाशीला आलेल्या माणसाने असली उडी मारावी का, यावर आमच्या घरात बरीच धुसफुस झाली. मी कॉलेजातून बिनपगारी रजा घेतली. लेक शिकायला बाहेर, घर भाड्याने दिलं, सामान ट्रकने पुढे गेलं. निघायच्या सकाळी मी वरवर हसत होते. हे जमलं नाही तर? कुठल्या तोंडाने परत यायचं?

अण्णा फाटकाशी उभे होते. आज इस्त्रीचा शर्ट घातला होता. मला वाटलं, आता विचारणार. पण त्यांनी विचारलं नाही. त्यांनी खिशातून लाल बटवा काढला आणि मंदारच्या पुढे केलेल्या हाताकडे साफ दुर्लक्ष करून माझ्या हातात ठेवला.

"काढून ठेवलंय," ते म्हणाले. "दोघांचं बंगळूर ते नाशिक भाडं. वाटंत दोन वेळचं जेवण. एक रात्र मुक्काम, कारण माणूस लगेच निघत नसतो, एक रात्र विचार करतो."

मी नाडी सोडून आत पाहिलं. नोटा नीट घड्या घालून ठेवल्या होत्या, आणि दोनशेची एक नोट वेगळी, सुटी, बाजूला होती.

"आणि ही कशाची?"

"रिक्षाची," अण्णा म्हणाले. "द्वारकेला उतरलात की इथपर्यंत. परत आलेला माणूस दमलेला असतो, ताई. त्याला सामान घेऊन रस्त्यानं चालत यायला लावू नये."

काकूंनी माझ्या हातावर दही ठेवलं. मी गाडीत बसले. मंदारने गाडी सुरू केली आणि सवयीप्रमाणे आरशात बघितलं. गल्ली तेवढीच चिंचोळी होती. अण्णा गाडीमागे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हात उंच केला.

"येऊ दे," ते म्हणत होते. "येऊ दे... येऊ दे..."

आम्ही फाटकातून बाहेर आलो, गल्लीच्या तोंडाशी आलो, गाडी वळण्याइतका रस्ता मिळाला. ते तसेच हात हलवत, एक एक पाऊल मागे सरकत कडेला झाले होते. मंदारने ब्रेकवर पाय ठेवला आणि वाट पाहिली. त्या दिवशी ते 'बास' म्हणालेच नाहीत.